साखरेला दोन रबरं

पडदा वर जातो तेव्हा उजेड बेताचाच आहे. एक खोली, तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. ओट्यावर डब्यांची रांग. एकही डबा दुसऱ्याचा भाऊ शोभणार नाही असा. ओट्याशी पाठमोरी एक बाई, मनगटात बांगड्यांऐवजी रबरबँड. सगळा मजला तिला रबरकाकू म्हणतो.

जन्मभर शिंप्याच्या दुकानात तिनं काजं-बटणं केली, त्यामुळे बोटं तयार होती. डोळे दगा देऊ लागले तसं तिनं गुपचूप घर बोटांच्या हवाली केलं. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेला दोन. आपल्या टॉवेलच्या कोपऱ्याला बटण. शेगडीच्या चावीशेजारी, मंद आचेच्या जागी, नेलपॉलिशचा टणक थेंब. घेतलेली वस्तू घेतली तिथंच परत, हा घरचा कायदा. यातलं विकत फारसं काही आणलेलं नव्हतं. रबरं भाजीच्या जुड्यांची, बटणं दुकानात उरलेली.

शेजारणी आधी हसल्या, मग सोय दिसली तशी त्यांच्याही डब्यांना रबरं चढली. एकीनं टोमणा मारला, काका होते तेव्हा त्यांना लावलं असतंत एखादं, तर संध्याकाळी वेळेवर घरी आले असते.

"लावलं होतं की. ताणून ताणून तुटलं," रबरकाकू म्हणाली.

खरं कारण मात्र तिनं कुणाला कळू दिलं नाही. मुलगा एकदा मायेनंच म्हणाला होता, तुला दिसेनासं झालं की हे घर बंद करू, तू आमच्याकडे. तिच्या कानाला ती माया लागलीच नाही. घर बंद, एवढंच ऐकू आलं.

मग तो दाढेचा दिवस उजाडला. मुलगा तिला दाढ काढायला घेऊन गेला आणि मागं सुनेनं घर लख्ख केलं. बिचारीचा हेतू सोन्यासारखा. जुने डबे भंगारात, चिकट झालेली रबरं केरात, आणि ओट्यावर नवे कोरे, एकसारखे डबे उंचीनं लावलेले. सासूला आनंदाचा धक्का द्यायचा होता तिला.

धक्का बसला. गालात कापूस धरून रबरकाकू ओट्याशी आली, सवयीनं चहाचं आधण ठेवलं आणि साखरेला हात घातला. गुळगुळीत. शेजारचाही गुळगुळीत. विचारावं, तर बिंग फुटणार. चिमटीत घेऊन पाहावं, तर सून कौतुकाच्या आशेनं शेजारीच उभी. चव घ्यावी, तर तोंड बधिर. शेवटी जुन्या जागेवर भरवसा ठेवून तिनं चमचे टाकले, ढवळलं, नाटकातल्या राणीच्या ऐटीत कप पुढं केले.

मुलानं घोट घेतला, गिळला आणि कप हळूच खाली ठेवला. सून एक घोट घेऊन अगदी साधेपणानं बोलली.

"आई, मीठ पडलंय यात. डब्यांवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की हो."

त्यानंतर कुणाला काही विचारावं लागलं नाही. महिना सरायच्या आत दाराला कुलूप लागलं.

मुलाच्या घरी तिचं काही कमी पडलं नाही. खिडकीजवळची खुर्ची, वेळेवर जेवण, हातात आणून दिलेला कप. शेगडीपाशी मात्र जायचं नाही, भाजतं म्हणून. ती कुणावर रागावली नाही. फक्त बोलणं आटत गेलं. मनगटातल्या रबरांशी बोटं तेवढी चाळा करायची.

सुनेच्या मनाला ते लागून राहिलं होतं. एका दुपारी ती सासूला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिचा हात दोन डब्यांवर ठेवला. एकाला एक रबर, दुसऱ्याला दोन.

रबरकाकूनं अंगठ्यानं रबरं चाचपली. एकेक करून तिन्ही सोडवली, मनगटात सरकवली आणि डबे होते तिथंच परत ठेवले. पुढं थोड्याच दिवसांत ती गेली. मधल्या काळात नुसती मान हलवायची. तिच्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य त्या ओट्यापाशीचंच.

"असू दे गं. इथं चहा तूच करतेस ना."