न दिसणारी सूज

दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांनी सरकून पाय सुजलेल्या एका बाईंना जागा करून दिली. बरं वाटलं. मग औषधांच्या खिडकीत माझ्या ताईला पत्ता विचारला. तिला स्किझोफ्रेनिया आहे. ती आठवत उभी राहिली.

"आवरा की! झोपलात का?" मागचा माणूस खेकसला.

माझं डोकं फिरलं. नुकतंच डॉक्टर म्हणाले होते, "हिच्या रक्तात सुजेच्या खुणा आहेत. अशी आतली सूज असली की काहींचं लक्ष, आठवण मंदावते. हा आळस नव्हे." नातेवाइकांनी मात्र तिला कायम आळशीच म्हटलं.

"हिचा पाय सुजला असता तर थांबला असतात ना?" मी ओरडले.

"थांब गं, सांगते मी," ताई म्हणाली आणि तिने सावकाश, पिनकोडसकट पत्ता सांगितला.

माझा राग काही उतरला नाही.