नकाशावर अनवाणी

"पाय बघून ठेव. माणसं राहतात तिथं."

नाशिक महापालिकेच्या नगररचना खात्यात रुजू झालो त्या दिवशी मॅडमच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. शहराचा विकास आराखडा टेबलावर मावत नसे. कागद जोडून तो थेट फरशीवर पसरायचा. मॅडम कडेला चप्पल काढायच्या आणि अनवाणी पायांनी शहरात शिरायच्या. हातात हिरवी पेन्सिल. हिरवं म्हणजे बाग किंवा मैदान, लोकांसाठी राखलेली जागा.

एकदा नवे साहेब बुटांसकट कागदावर आले.

"साहेब, तुम्ही सातपूरवर उभे आहात."

साहेब दचकले, टुणकन उडी मारून गंगापूर रोडवर गेले.

"तिथंही राहतात, साहेब."

आम्ही तोंड फिरवून हसलो. साहेबांनी मात्र मुकाट्याने बूट काढले.

मॅडम येवल्याच्या. एरवी बोलणं शुद्ध, पण चिडल्या की "नाय म्हंजे नाय" व्हायचं. त्यांना चिडवणारी गोष्ट एकच, आमच्या कचेरीची रचना. ती तुम्हालाही सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकाच खात्यात आमची दोन टेबलं. मॅडमचं टेबल जागा राखून ठेवायचं. माझं टेबल बांधकामाला परवानगी द्यायचं. परवानगी दिली की विकास शुल्क जमा होई, म्हणून माझ्या टेबलाला मान, पंखा आणि नवं कपाट. मॅडमच्या टेबलाकडून खर्चच निघायचा. राखलेली जागा मालकाकडून घ्यायचं काम भूसंपादन शाखेचं, पैसे लेखा शाखेकडे आणि शेवटचा शब्द नगरसेवकांच्या सभागृहाचा. साहेब सरकारकडून यायचे आणि रुळेपर्यंत बदलून जायचे.

"म्हणजे बघ," मॅडम म्हणायच्या, "रंग माझा, हात भूसंपादनाचा आणि खिसा तिसऱ्याचाच. मूल मोठं व्हायचं कसं?"

तो खिसा मुख्यतः शहरात येणाऱ्या मालावरच्या जकातीवर भरायचा. जकात नाक्यावरच्या ट्रकच्या रांगेला सगळं नाशिक शिव्या द्यायचं. मॅडम तेवढ्या खुश व्हायच्या. सकाळी आल्या आल्या सांगायच्या, "आज रांग पार वळणापर्यंत होती. एक बाग नक्की झाली!"

बागा काही होत नव्हत्या, ती गोष्ट वेगळी.

कारखान्यांतल्या कामगारांच्या एका वसाहतीला लागून मैदानाचं आरक्षण होतं. जमीन अजून मालकाचीच होती, मोकळी पडलेली. मॅडमचा त्या हिरव्या चौकोनावर विशेष जीव. एक दिवस म्हणाल्या, "चल, स्कूटर काढ. कागदावर बघून बघून कंटाळा आला." आम्ही पोहोचलो तेव्हा पोरांचं क्रिकेट रंगात आलेलं. मॅडमनी सवयीने कडेला चप्पल काढली आणि आत चालू लागल्या.

"ओ मॅडम, काटे हायेत!" पोरं ओरडली.

"असू देत. बॉल आण इकडे."

पहिलाच बॉल त्यांनी असा टाकला की तो थेट माझ्या स्कूटरच्या आरशावर. पोरं नाचायला लागली. परत निघताना मॅडमनी त्यांना सांगितलं, "ही जागा तुमच्यासाठीच राखलीय. नीट खेळा." मी शेजारीच उभा होतो. मीही मान डोलावली होती.

नियम असा होता की राखलेली जागा ठरावीक वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही मुदतीत हालचाल झाली नाही, तर जागा आरक्षणातून मोकळी. मालकाने नोटीस दिली. त्याचं तरी काय चुकलं? त्याची जमीन आम्ही नुसती रंगवून ठेवली होती. मॅडम भूसंपादनाकडे गेल्या. ते म्हणाले, आधी तरतूद दाखवा. लेखा शाखेत गेल्या. तिथे उत्तर मिळालं, "मॅडम, सिंहस्थ तोंडावर आहे. सगळा पैसा रस्त्यांना आणि घाटांना. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी ती जागा असणार नाय!" त्यांचा आवाज जिन्यापर्यंत आला.

मुदत संपली. मालकाने जागा बिल्डरला विकली आणि इमारतीचे नकाशे माझ्या टेबलावर आले. मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"सगळं नियमात आहे?"

"हो, मॅडम."

"मग दे परवानगी. अडवून खायची आपली रीत नाही."

मी परवानगी दिली. इथपर्यंत मला कोणी दोष देणार नाही. पण त्याच इमारतीत मी फ्लॅट घेतला. सवलत मागितली नाही, इतरांसारखंच कर्ज काढलं. नकाशा माझ्याच हातून गेल्यामुळे कुठल्या फ्लॅटला चांगली हवा येणार, ते मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं, एवढंच. मुलाला वेगळी खोली हवी होती, बायकोने भाड्याच्या घरात बरीच वर्षं काढली होती. ही कारणं खरी आहेत. ती मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता त्यांचीच लाज वाटते.

वास्तुशांतीला सगळ्या खात्याला बोलावलं. मॅडमना न बोलावण्याचं धाडस झालं नाही आणि त्या येणार नाहीत असं मनाशी धरून चाललो होतो. दुपारी गॅलरीतून पाहिलं, तर मॅडम गेटशी थांबलेल्या. वाकल्या, चप्पल काढली, हातात घेतली आणि तापलेल्या फरशांवरून पार्किंगमधून येऊ लागल्या.

मी धावत खाली गेलो. "मॅडम, चप्पल वर दारापाशी काढायची. इथं पाय भाजतील."

"राहू दे रे. इथं मी कधी चप्पल घालून आलेच नाही."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. वर येऊन त्यांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, बायकोच्या हाताचं कौतुक केलं. बायको म्हणाली, "मॅडम, हवा किती छान येते बघा." त्या म्हणाल्या, "हो. इथं पहिल्यापासून येते."

निवृत्तीनंतर त्या येवल्याला गेल्या. भेटायला जायचं मी ठरवत राहिलो. त्या वारल्याची बातमी मला कचेरीतूनच, उशिरा कळली.

आता मी सोसायटीचा सचिव आहे. वसाहतीतली पोरं अजूनही संध्याकाळी गेटमधून आत येतात आणि पार्किंगमध्ये बॉल टाकतात. गाड्यांच्या काचा फुटायला लागल्यावर सभेत ठराव झाला. 'येथे खेळण्यास सक्त मनाई' असा फलक लागला. त्याखाली 'सचिव' म्हणून नाव माझंच आहे.

रोज सकाळी दूध आणायला उतरतो, तेव्हा जिन्यापासून गेटपर्यंत मी चप्पल हातात घेऊन चालतो. वॉचमन हसून विचारतो, "काय साहेब, आज पण तुटली का?"

"हो," मी म्हणतो.