पदरात बांधलेला प्रसाद

मुलांनो, मी जालन्याला इंग्रजी शिकवत असे, तेव्हाची ही गोष्ट. राजूरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर एक बाई मला भेटली, एकदाच. तिच्या मांडीवर दीडेक वर्षाचा मुलगा होता. कुणी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला, की ती तो कपाळाला लावून पदरात बांधायची आणि मुलाची बोटं ओल्या फडक्यानं एकेक करून पुसायची.

"लेकराच्या तोंडचा काढून घेतेस होय गं?" मी हसून विचारलं.

"दूध, शेंगदाणे, गहू, ह्याला काहीच सोसत न्हाई, बाई. अंगभर गांधी उठत्यात."

"अगं, प्रसादानं कधी बाधत नसतं," असं म्हणून मी पेढ्याचा कण त्याच्या तोंडात घातलाच.

थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, छाती घरघरू लागली. दवाखान्यात जायला जीपमध्ये चढताना ती एवढंच म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या दिसल्या, म्हणून तुमचा हात धरला न्हाई."

त्या मुलाचं पुढे काय झालं, मला कधीच कळलं नाही.

तुमच्या धाकट्या भावाला काय चालत नाही, त्याची यादी तुमची आई दर सुट्टीआधी मला पाठवते. का म्हणून मी विचारत नाही. तो आला, की त्याची बोटं ओल्या फडक्यानं एकेक करून पुसते.