आत्याचा ‘रा’

आमच्या जिन्यात पक्की बातमी आहे की माझी आत्या रविवारी एकदाच रांधते आणि आठवडाभर घराला शिळं घालते. ही बातमी तळमजल्यावरच्या काकूंकडून सुटते. सांगताना त्या आधी इकडेतिकडे बघतात, मग पदर नसतानाही पदर सावरतात आणि दबक्या आवाजात म्हणतात, “मी काही बोलत नाही हं, पण गुरुवारचं जेवण रविवारीच! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. डब्यावर वार लिहिलेला! म्हातारा माणूस आहे हो घरात.” त्यांचा ‘हो’ तीन पायऱ्या चढून मग उतरतो. मला तो छान जमतो.

बातमीत डबे खरे आहेत, वार खरे आहेत, शिळं मात्र साफ खोटं. आत्याच्या घरी भात रोज संध्याकाळी ताजा लागतो, फोडणीही ताजी बसते. रविवारी ती स्वयंपाक करत नाही, स्वयंपाकाला रांगेत उभं करते. राजमा भिजवून शिजवलेला, कांदा-टोमॅटो परतून सपाट ताटांत निवत ठेवलेला, फरसबी चिरून कोरडी पुसलेली, चिकन दह्यात मुरलेलं. निवल्याशिवाय एकही डबा फ्रीजमध्ये जात नाही. काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, एकदा गरम डबा आत सरकवला, तर आत्या म्हणाली, “अहो, काचा बसवता ना तुम्ही? वाफ धरलेली काच चिकटते का? मग?” काका काचांचंच काम करतात, त्यामुळे त्यांनी डबा परत बाहेर काढला.

आत्या बस डेपोच्या नियंत्रण कक्षात असते. कुठली गाडी कुठल्या चालकानं किती वाजता काढायची, हे तिच्या तक्त्यावर ठरतं, आणि कर्ण्यातून ती सांगते, “फलाट चार. गाडी सुटण्यास सज्ज. दरवाजात लोंबकळणाऱ्यांनी आत या, नाहीतर खाली उतरा. मधलं काही नाही.” घरीही तेच. फ्रीजच्या दारावर तक्ता: वार, गाडी, चालक, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ. गाडी म्हणजे राजमा किंवा मसूर. चालक बहुतेक काका. सुटण्याची वेळ सहा पंचेचाळीस, म्हणजे गॅस पेटला पाहिजे. पोहोचण्याची वेळ साडेसात, आणि पोहोचणं म्हणजे अण्णांच्या तोंडात घास.

अण्णा तिचे सासरे. त्यांना सातला इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं, आणि एकदा ते टोचलं की जेवणानं उशीर करायचा नसतो. दोन वर्षांपूर्वी झाला होता. आत्या तेव्हा निरीक्षकाच्या परीक्षेसाठी संध्याकाळच्या वर्गाला जायची. तिसऱ्या आठवड्यात, जेवणाची वाट बघता बघता अण्णा ओट्याजवळ कोसळले. सावरले ते, पण आत्यानं दुसऱ्याच दिवशी वर्ग सोडला. कुणी तिला सोड म्हणालं नव्हतं. कुणी सोडू नको असंही म्हणालं नव्हतं.

यंदा पुन्हा वर्ग निघाले. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सहा ते आठ. दोनच खाडे चालतात, तिसऱ्याला नाव कटतं. अर्ध्यातून उठलं तरी खाडाच. आणि वयाच्या अटीनं आत्याची ही शेवटची संधी होती.

“पास होईन की नाही ते पेपर ठरवेल,” तिनं तक्ता चिकटवत सांगितलं. “पण बसायचं की नाही, ते यंदा स्वयंपाकघर ठरवणार नाही.”

पहिल्या रविवारी तिनं डब्यांवर पट्ट्या लावल्या. घाईत अक्षरं तोडली: सो, मं, बु, गु, शु. तिची सात वर्षांची चिमी ‘गु’ पाहून जमिनीवर लोळली. “आई, मी गु खाणार नाही! मेले तरी गु खाणार नाही!” अण्णा दातांची कवळी सावरत म्हणाले, “सूनबाई, मलाही जरा जडच जाईल.” आत्यानं न हसता ‘गु’पुढे ‘रु’ जोडला. मागे वळल्यावर तिचे खांदे हलत होते.

पण खरा घोळ दुसऱ्याच पट्टीनं घातला. पाच डब्यांखेरीज तिनं तीन लहान डबे भरले होते. उकडलेले चणे, मक्याचे दाणे, शिजवलेलं बीट, सगळं गॅसशिवाय खाता येणारं. डेपोत सगळ्या गाड्या निघाल्या तरी एक चालक बसवून ठेवतात, त्याच्या नावापुढे ‘रा’ लिहितात. रा म्हणजे राखीव. आत्यानं वीस वर्षं तेच लिहिलं होतं, इथेही तेच लिहिलं.

काकांनी वाचलं, रा म्हणजे रात्री.

मग काय! सोमवारी रात्री राजमा आणि चणे, मंगळवारी चिकन आणि मका, बुधवारी फरसबी आणि बीट. काका खूश. “बघा, बायको वर्गाला गेली तरी दोन-दोन प्रकार!” मीही वरच्या मजल्यावरून वासावर उतरून दोनदा जेवून गेले.

गुरुवारी त्यांनी मसूर मोठ्या आचेवर ठेवली आणि चिमीचं गणित बघायला बसले. सात वाजून दहा मिनिटांनी मसुरीचा कोळसा झाला होता, अण्णांना इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली होती, आणि फ्रीजमध्ये एकही ‘रा’ नव्हता. काकांनी आत्याला फोन लावला. त्यांचा आवाज अशा वेळी शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा होतो. “अगं, जळलं, सगळं जळलं, अण्णांचा हात थरथरतोय, तू ये!”

तोवर जळका वास येऊन मी खाली आले होते, अण्णांना साखरपाणी पाजलं होतं आणि अंडी उकडायला टाकली होती. आत्या पळत आली तेव्हा अण्णा दुसरं अंडं खात होते. पण ती वर्गातून उठली होती. एक खाडा गेला.

काका खाली बघून म्हणाले, “रा म्हणजे रात्री असं वाटलं गं.”

आत्या खुर्चीत बसली. चप्पल काढली नव्हती. मला वाटलं, आता ती म्हणणार, जाऊ दे, नाही जात मी. अण्णाही तेच ऐकायला तयार असल्यासारखे घास थांबवून बसले होते.

“चूक माझी,” ती म्हणाली. “ज्या पाटीचे दोन अर्थ निघतात, ती पाटी लावणाऱ्याचीच चूक. मार्कर आण.”

तिनं प्रत्येक पट्टी पूर्ण लिहिली. ‘राखीव. काही बिघडलं तरच. अण्णांसाठी.’ आणि पुढच्या रविवारी नुसती तयारी करून थांबली नाही, सराव घेतला. घड्याळ लावून काकांना तीनदा गॅस पेटवायला लावला, कुठली आच आणि किती वेळ ते तोंडपाठ म्हणवून घेतलं. चिमीला राखीव डबा ओळखून अण्णांपर्यंत न्यायला शिकवलं. काका वैतागले, “मी काय उमेदवार चालक आहे?” आत्या म्हणाली, “हो. आणि परवाना अजून मिळालेला नाही.”

मला राहवलं नाही. “आत्या, काहीही कर, सहा आठवड्यांत काकांचा अजून एक फोन जाणारच.”

“लावतेस पैज?”

“लावते. मी जिंकले तर डेपोच्या कर्ण्यावर एक घोषणा मी करणार. तुझ्या आवाजात.”

“आणि हरलीस तर शेवटच्या रविवारची सगळी तयारी एकटीनं. कांद्यापासून.”

दुसरा, तिसरा, चौथा आठवडा सुरळीत गेला. आत्या वर्गाला जाताना तक्त्याकडे एकदा बघायची, काकांकडे एकदा, आणि निघायची. पाचव्या आठवड्यात तिला ताप होता, तरी गेली. खाडा शिल्लक होता, पण तिनं तो वापरला नाही. “राखीव आहे तो,” म्हणाली.

सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी सातला अण्णांना इंजेक्शन दिलं आणि सात वाजून पाच मिनिटांनी गॅस संपला. भात अर्धा कच्चा. दुसरी टाकी आणायला तासभर लागला असता. मी जिन्यात, उघड्या दाराशी उभी होते. खरं सांगते, मी काकांच्या हाताकडे बघत होते, आणि तो हात फोनवर गेला. मनातल्या मनात मी कर्ण्यासमोर उभी राहून घसाही खाकरला.

“बाबा,” चिमी ओरडली, “बिघडलं! बिघडलं ना? मग राखीव!”

काकांनी फोन खिशात टाकला. चण्यांवर लिंबू पिळलं, बीट कापलं, पाव ठेवला. सात सव्वीसला अण्णांनी पहिला घास घेतला आणि वर न बघता म्हणाले, “गाडी चार मिनिटं आधीच आली की.”

शुक्रवारी शेवटचा तास संपवून आत्या आली आणि दारातूनच विचारलं, “फोन किती?”

“एकच,” काका म्हणाले. “तो जुना. रा-त्रीचा.”

तिनं हजेरीचा कागद टेबलावर ठेवला. एक खाडा. परीक्षा पुढच्या शनिवारी होती.

रविवारी नऊ वाजता आत्या पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ओट्यावर अडीच किलो कांदे होते आणि मी होते. साडेदहाला मी दारावर टकटक केली, “आत्या, राजमा किती शिट्ट्या?”

आतून फक्त पान उलटल्याचा आवाज आला.