देव्हाऱ्यातले चार गिटारवाले

माझा थोरला भाऊ अण्णा हुमनाबादला टायरच्या दुकानात कामाला होता, तेव्हा एका लॉरीवाल्यानं त्याला एक कॅसेट दिली. कुठल्याशा परदेशी मेटल बँडचा पहिलाच अल्बम. कव्हरवर चार बाप्ये: कमरेपर्यंत केस, ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, हातभर कडी. गाणी म्हणजे नुसत्या किंकाळ्या आणि गिटार. माझं तर डोकं उठायचं. अण्णाला मात्र वेड लागलं. त्यानंही केस वाढवले.

आईनं ते कव्हर पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला. बायकांसारखे नटलेले, केस न कापणारे, देवीला वाहिलेले पुरुष तिनं यल्लम्माच्या जत्रेतच पाहिले होते. "जोगते हायत हे. अंगात आल्याबिगर असं वरडायलेत व्हय?" असं म्हणून तिनं कव्हर देव्हाऱ्यात मांडलं आणि चौघांना हळदकुंकू लावलं.

"बाईवानी केस कामून वाढवायलास?" म्हणत अप्पा कात्री घेऊन अण्णाच्या मागं लागले, तर आई आडवी आली. "देवीचे केस हायत. हात लावायचा न्हाई." अण्णा कशाला तिचा गैरसमज दूर करतोय!

पुढं त्याला पुण्यात कंपनीत नोकरी लागली. पहिल्या दिवाळीला आला तो केस बारीक कापूनच. अप्पा खूश. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग देव्हाऱ्यापुढं बसून तिनं रोजच्यासारखं चौघांना कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "तुमी तरी कापू नगा, बाबांनो."