डावी बाजू तिची

मला बॅकहँड येत नाही. चौदा वर्षं टेनिस हाच धंदा केला, एकेरीत राज्यात पहिली आले, तरी येत नाही. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरी तोंडावर हात ठेवून हसतात. हसू द्या मेल्यांना. माझा बॅकहँड म्हणजे कोर्टाच्या डाव्या बाजूला उभी असलेली माझी मैत्रीण. ती असताना मला तो शिकायची गरज काय पडली होती?

औरंगाबादला छावणीत एका क्लबाचं कोर्ट होतं, शेणमातीचं. कोर्ट राखणारा म्हातारा, त्याला सगळे मार्कर म्हणायचे, दुपारी ते सारवून त्यावर चुन्याच्या रेषा मारायचा. अशा कोर्टावर चेंडूचा ठसा उमटतो, त्यामुळं आत पडला की बाहेर यावर भांडायची सोय नाही. तिथं आम्ही दोघी तेराव्या वर्षापासून दुहेरी खेळलो. मी कारकुनाची पोरगी. तिच्या वडिलांचं शहागंजात सायकलींचं दुकान. ती सलवार खोचून खेळायची, मी स्कर्ट घालून खेळायचे आणि घरी बोलणी खायचे. मी उजवीकडं, ती डावीकडं. दोघींत शब्द दोनच: "माझा" आणि "तुझा". एकीनं "तुझा" म्हटलं की दुसरीनं जायचं. दम लागलेला असो, पाय मोडलेला असो, जायचं. हा आमचा कायदा होता.

एका स्पर्धेत शेवटच्या सेटला माझ्या डोक्यावरून उंच चेंडू आला. तो माझा होता. स्वच्छ माझा. पण मी दमले होते, आणि चुकला तर सगळे मलाच बोलतील ही धास्ती. मी ओरडले, "तुझा!" ती डावीकडून माझ्या मागून तिरपी धावली. चेंडू परत मारलाही तिनं, गुणही मिळाला. मग तिचा पाय ओल्या जागी सरकला आणि गुडघा कोर्टामागच्या दगडी रोलरवर आदळला. तो आवाज आठवला की अजून माझे दात शिवशिवतात. डॉक्टर म्हणाले, चालेल ती, पण खेळायचं विसरा. तो चेंडू माझा होता हे मी तिला सांगितलं नाही. जीभच रेटली नाही.

दुहेरी संपली, म्हणून एकेरीत उतरले. हैदराबादला पहिलीच स्पर्धा, भर दुपारचं ऊन. समोरची पोरगी हुशार होती. दोन गेममध्ये तिनं ओळखलं की हिची डावी बाजू म्हणजे उघडं दार. पहिला सेट सहा-एक गेला. दुसऱ्यात एक चेंडू पार डाव्या कोपऱ्याकडं निघाला आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझा!" अगं बाई! लोक खो खो हसले. मी शरमेनं जागची हललेच नाही. तेवढ्यात मागं मातीवर बूट घासल्याचा आवाज आला. झपझप चार पावलं. चेंडू रेषेच्या बोटभर बाहेर पडला.

मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पुढच्या वेळी मुद्दाम म्हणाले, ओठातल्या ओठात. पुन्हा पावलं, पुन्हा चेंडू बाहेर. त्यानंतर ती समोरची पोरगी डावीकडं मारीनाच. अख्खी मोकळी बाजू सोडून सगळे चेंडू उजवीकडं, माझ्या हातात. मी जिंकले. हात मिळवताना तिचा तळवा गार लागला. "तुम्हारे बाजू में कौन था?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

तीन वर्षं मी अशी जिंकत गेले. पुणं, नागपूर, इंदूर. पेपरवाले लिहायचे, कोर्टाची उत्तम जाण असलेली खेळाडू. डोंबलाची जाण! मी लई घाबरायचे, पण जिंकायची चटक वाईट असते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ती तर चांगली जिवंत होती, शहागंजात बसून भाजी निवडत होती. म्हणूनच अंगावर काटा यायचा. जिवंत माणसाची पावलं माझ्या मागं कशी ऐकू येणार?

एका खेपेला नागपूरहून आले ती थेट तिच्या घरी गेले. तिचा गुडघा नारळाएवढा सुजलेला. तिची आई, मीही तिला अम्मीच म्हणायचे, मला बाजूला घेऊन म्हणाली, "बेटा, ही घराबाहेर पाऊल टाकत नाही, तरी असं होतंय. मागच्या जुम्म्याला दुपारी बसल्या जागी घामाघूम झाली, पाय झाडायला लागली. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन-चारदा असं झालं तर पाय कायमचा ताठ होणार."

मागचा जुम्मा, म्हणजे शुक्रवार, माझ्या उपांत्य फेरीचा. तिच्याजवळ जाऊन बसले तर ती हसली. "तिसऱ्या सेटमधला तो आखूड चेंडू मला कशाला दिलास गं? तुझ्या हातातला व्हता तो." मी तिला सामन्याबद्दल चकार शब्द सांगितलेला नव्हता. चादरीबाहेर आलेल्या तिच्या टाचेवर वाळलेली शेणमाती होती. मी ती पाहिली, तिनं मला पाहताना पाहिलं, आणि पाय आत घेतला.

तिचा पाय की माझं नाव, यात विचार कसला करायचा? तरी मी आठवडाभर केला, खोटं कशाला बोलू. मग ठरवलं, बस्स झालं. पुन्हा हाक मारायची नाही.

पुढची स्पर्धा छावणीतच होती, आणि अंतिम फेरीत मी दातांत रुमालाचं टोक धरून खेळले, चुकून शब्द निघू नये म्हणून. पंचांना वाटलं दाढ दुखतेय. डावीकडं चेंडू आला की मी स्वतः धावायचे आणि झाडू मारल्यासारखा तो घाणेरडा बॅकहँड मारायचे. पहिल्या सेटभर ती मागं होती. धावत नव्हती. नुसती उभी, जागच्या जागी बूट हलवत, हाकेची वाट बघत. ते वाट बघणं मला मानेवर जाणवत होतं. एकदा मार्करनंही हातातली झारी खाली ठेवली आणि डोळे बारीक करून त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. दुसऱ्या सेटच्या मध्यावर आवाज थांबला. डावी बाजू इतकी रिकामी मी कधी पाहिली नव्हती. मला रडू फुटलं आणि मी रडत रडतच खेळले. तिसरा सेट सात-पाच, मी जिंकले.

कप घ्यायलाही थांबले नाही. रिक्षा करून शहागंज गाठलं. तुझा पाय वाचवला गं मी, हे तिला सांगायचं होतं, आणि त्या पहिल्या खोट्या हाकेचंही एकदाचं सांगून टाकायचं होतं. ती ओट्यावर बसली होती. गुडघ्याला सूज नावाला नव्हती. मी आनंदानं ओरडणार तोच माझं लक्ष गेलं. तिनं सलवार खोचली होती, केस घट्ट बांधले होते, आणि पायांत जुने पांढरे बूट होते, नाड्या आवळलेले.

"बुलाई नै तू मेरेकू," ती म्हणाली. ती माझ्याशी कायम मराठीत बोलायची. ही तिची घरातली बोली होती, अम्मीशी भांडतानाची.

"अगं, तुझा पाय..."

"पाँव का मैं बोली क्या तेरेकू?"

मी म्हणाले, "तो रोलरच्या दिवशीचा चेंडू माझा होता गं. खोटंच ओरडले मी."

"मालूम है," ती म्हणाली. "तो भी आई ना मैं."

मग तिनं वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले आणि माझ्या हातात दिले. आतून ते घामानं ओले होते. ती उठली आणि जराही न लंगडता घरात गेली.