आलोशियस मास्तरांची चिनी विद्यापीठं

भुईगावचे आलोशियस मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत आणि शाळा सुटली की केळीच्या बागेत रमत. ट्रान्झिस्टर त्यांनी घेतला क्रिकेटसाठी. पण अठ्ठ्याहत्तर साली एका संध्याकाळी काटा जरा सरकला आणि पेकिंगहून इंग्रजी बातम्या लागल्या. चीनमध्ये विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दहा वर्षांहून जास्त बंद होती म्हणे, ती पुन्हा सुरू झाली होती. शेतात राबणारे, कारखान्यात जाणारे, पोराबाळांचे आईबापसुद्धा परीक्षेला बसले होते. मास्तर खुळावलेच! रोज संध्याकाळी ट्रान्झिस्टरला कान लावून ओट्यावर बसू लागले.

"बासष्ट साल विसरलात का, मास्तर?" शेजारचा सॅन्टन डिवचायचा.

"लढले ते लढले. अभ्यास करणाऱ्या पोरांशी माझं कसलं वैर?"

त्यांचा उत्साह पाहून फादरनी एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण ठेवलं. पाठोपाठ चहा-पाव होता, त्यामुळे हॉल भरला. मास्तर रंगून बोलत होते.

"तिथे आता वशिला नाही, परीक्षा! आणि काही खास विद्यापीठांना म्हणतात 'की युनिव्हर्सिटी'. की म्हणजे चावी. तिथे कुलपं-चाव्या बनवण्याचं उच्च शिक्षण देत असावेत."

जूचंद्रहून केळी न्यायला आलेला रामनाथ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, येवढा मोठा देश, कुलपं लागनारच. पन त्याला येवढी विद्यापीठं?"

मास्तरांनाही ते खटकत राहिलं. पुढच्याच आठवड्यात रेडिओवर एका 'की युनिव्हर्सिटी'तली मुलगी बोलली. ती शिकत होती डॉक्टरकी. दुसरा मुलगा आकाशातले तारे मोजत होता. कुलपाचा आणि ताऱ्यांचा काय संबंध? मास्तर डोकं खाजवत बसले आणि एकदम उजेड पडला. की म्हणजे मुख्य! सरकार ज्यांना आधी खतपाणी घालतं, ती निवडक विद्यापीठं! मास्तर एकटेच इतके मोठ्याने हसले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर चूक सांगून टाकली. हॉल खदखदून हसला. रामनाथ तेवढा हिरमुसला. भातकोठीचं बिघडलेलं कुलूप तो सल्ल्यासाठी सोबत घेऊन आला होता.

घरी जाताना कॅथरिन, मास्तरांची बायको, सोबत चालत होती. आठवीत शाळा सोडून ती भावंडांना सांभाळायला घरी बसली होती.

"लग्न झालेल्या बायका खरंच बसल्या त्या परीक्षेला?"

"बसल्या की."

"मग मी दहावीला बसते."

मास्तर वाटेतच थांबले. बायको थट्टा करत नव्हती.

पुढची दोन वर्षं त्या घरात कालवण करपायचं, पण कोणी तक्रार केली नाही. गणित सॅन्टनच्या बायकोने, लुसीने शिकवलं, विज्ञान फादरनी, आणि इंग्रजी अर्थात मास्तरांनी. कॅथरिन बाहेरून परीक्षेला बसली. निकालाच्या दिवशी मास्तर सायकल दामटत आले ते गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, "पास! कॅथरिन पास!"

सॅन्टनने फटाके लावले. लुसीने गुणपत्रिका हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. गणितात छान गुण होते, विज्ञानात त्याहून छान. सगळ्यांत कमी पडले होते इंग्रजीत.